गुळाचा डबा लपवू नका, संध्याकाळचे सात सांभाळा

प्रश्न : आमचे मालक ट्रॅक्टर चालवतात, हंगामात कारखान्याला ऊस ओढतात. वय ४२. आठ-नऊ वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर, बाजारच्या दिवशी जास्त. दवाखान्यात गोळ्या घेऊन दारू सोडली, मग पंढरपूरला जाऊन माळ घातली. आज ४७ दिवस झाले, थेंबही नाही. पण आता गोडावर तुटून पडतात. संध्याकाळी येताना पावशेर जिलेबी नाहीतर पेढे, दिवसाला नऊ-दहा चहा, आणि रात्री उठून डब्यातला गूळ. वजन चार किलोनं वाढलं. सासऱ्यांना शुगर होती, म्हणून मला धसका बसला. मी गुळाचा डबा ज्वारीच्या कोठीत लपवला, तर सगळं फडताळ धुंडाळून शेवटी म्हणाले, "मंग तीच बरी हुती." तेव्हापासून मला झोप नाही. सासूबाई म्हणतात, खाऊ दे, दारूपरीस गोड बरं. मी कोणाचं ऐकू?
— एक बहीण, ता. केज, जि. बीड

उत्तर : ताई, डबा आजच कोठीतून काढा आणि होता तिथं ठेवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. दारू सुटल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे असतात. त्या काळात एक खडा गूळ तोंडात टाकून जर दारूची तलफ टळत असेल, तर तो खडा खाऊ द्यावा. दारू सोडलेल्या माणसांच्या सभांमध्ये जुनी मंडळी नव्याला हेच सांगतात. पण "खाऊ दे" म्हणजे पावशेर जिलेबी रोज, असं नाही. तुमची भीती तिथं खरी आहे. मात्र डबा लपवून ती भीती कमी होत नाही. गोड मागणारी भूक तशीच राहते आणि वर राग येतो. भूक आणि राग एकाच वेळी आले की पाय जुन्या रस्त्याकडं वळतात.

दाजी रोज संध्याकाळी काय घेत होते आणि आता त्यातलं काय गेलं, याचा आधी हिशेब मांडू. पुष्कळांना वाटतं की दारूत साखर असते, ती बंद झाली म्हणून शरीर साखर मागतं. व्हिस्की, रम यांत साखर जवळजवळ नसते. पण १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क धरला तर साधारण ६० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, आणि एका ग्रॅमला ७ कॅलरी. म्हणजे रोज चारशेच्या वर कॅलरी, दोन मध्यम भाकरींएवढ्या. ताकद काहीच नाही, पण पोटाला त्या भरतीची सवय झालेली. त्याबरोबर चकणा होता : खारे शेंगदाणे, फुटाणे, उकडलेली अंडी. दारूबरोबर तोही सुटला. आणि माळ घातली त्या दिवसापासून अंडी-मटण घरातूनच गेलं. माळ फार मोठा आधार आहे, ती काढा असं कुणीच म्हणणार नाही. पण शरीराच्या बाजूनं पाहिलं तर दारूच्या कॅलरी, चकणा आणि मटण-अंडी एका आठवड्यात बंद झाली आणि त्यांच्या जागी ताटात काहीच वाढलं गेलं नाही. मग ती जागा जिलेबी भरणारच.

जेवणाच्या वेळा तुम्ही लिहिल्या नाहीत. पण ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा दिवस ठरलेला असतो. पहाटे चहा-खारी, फडावर भरणी, मग कारखान्याच्या यार्डात नंबर लावून तासन्‌तास थांबणं. तिथं हाताशी काय, तर चहाची टपरी. डबा कधी दोनला उघडतो, कधी तसाच घरी येतो. असा माणूस सातला घरी पोचतो तेव्हा पाच-सहा तासांचा उपाशी असतो. आणि सात ही तर त्यांची प्यायला बसायची वेळ.

यकृताचाही यात भाग आहे. जेवण नसताना रक्तातली साखर टिकवून धरायचं काम यकृत करतं. रोज दारू असेल तर ते दारू फोडण्यात अडकतं, नवी साखर कमी तयार होते आणि साठाही आटतो. दारू सुटल्यावर हे सावरायला वेळ लागतो, म्हणून उपाशीपोटी हात थरथरणं, घाम, चिडचिड आणि "काहीतरी गोड पाहिजे" असं वाटतं. दुसरं कारण डोक्यातलं. दारूनं मेंदूतल्या ज्या भागाला बरं वाटायचं, त्याच भागाला गोडही थोडं बरं वाटायला लावतं. मोठी वाट बंद झाली म्हणून माणूस पायवाट धरतो. दाजी हावरट झाले असं मनातही आणू नका. बहुतेकांत ही ओढ पहिल्या काही आठवड्यांत जोरात असते आणि दोन-तीन महिन्यांत उतरते, पोट वेळेवर भरलं तर.

म्हणून पहिली दुरुस्ती सातच्या आधीची. पाच-साडेपाचला, ते कुठंही असोत, पोटात काहीतरी घट्ट गेलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये झाकणाचा एक डबा कायम ठेवा : एक मूठ फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास, त्यात थोडे भाजलेले शेंगदाणे, आणि एक केळं. इथं एक काळजी घ्या. चकण्याला जसे कागदावर तिखट-मीठ-कांदा घातलेले शेंगदाणे असायचे, तसे अजिबात नकोत. तो वास, ती वेळ आणि तो कागद तिन्ही एकत्र आले की तलफ उठते. शेंगा उकडून द्या, किंवा शेंगदाण्या-तिळाचा एक छोटा लाडू, गूळ नावाला. पदार्थ तोच असला तरी रूप बदललं की जुनी आठवण जागी होत नाही. त्याच कारणानं त्या जुन्या काचेच्या ग्लासात थंड पेय-सोडा पिणंही नको. शिवाय थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते.

दुसरी दुरुस्ती : रात्रीचं जेवण नऊला नको. ते घरी आले की हातपाय धुवून थेट ताट. सातला भाकरी, घट्ट वरण किंवा पिठलं, भाजी, दही. पहिले पंधरा दिवस लेकरांसकट सगळ्यांनी त्याच वेळी बसावं, म्हणजे एकट्याला औषधासारखं वाढल्याचं वाटणार नाही. पोट भरल्यावर जिलेबीची धार निम्मी उतरते. हे लगेच त्याच संध्याकाळी दिसतं.

पेढे आणायचेच असतील तर जेवणानंतर, आणि वजनावर नाही, मोजून. कुंथलगिरीचा पेढा म्हटल्यावर नको कोण म्हणेल. पण पावशेर आणला की पावशेर संपतो. घरात माणसं पाच असतील तर पेढे पाच. हे दाजींना आधी, शांत वेळी सांगा. हातात पुडी असताना सांगू नका.

माळकरी ताटात प्रथिनं कशी भरायची, यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त चूक इथं होते. ६५ किलोच्या कष्टाच्या माणसाला दिवसाला निदान ६५ ग्रॅम प्रथिनं लागतात, दारूनं शरीर झिजलेलं असेल तर ८०-९० पर्यंत. चार ज्वारीच्या भाकरींतून २० ते २४ मिळतात. दोन वाट्या वरणातून बारा-चौदा, पण वरण पळीवर चिकटेल इतकं घट्ट असेल तरच. फोडणीचं पातळ वरण म्हणजे बहुतेक पाणी. एक वाटी मटकी किंवा हुलग्याची उसळ सात-आठ. वाटीभर दही सहा, ग्लासभर दूध सहा, पाचचे फुटाणे-शेंगदाणे दहा. बेरीज साठ-सत्तरपर्यंत जाते. उरलेलं सोयाबीन भरून काढतं. आपल्याकडं सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि घरात कुणी खात नाही, कारण त्याचा वास. २५ ग्रॅम सोयावड्या पंधरा मिनिटं कडक गरम पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, ते पाणी फेका, पुन्हा साध्या पाण्यात टाकून एकदा पिळा. मग येसराच्या रश्श्यात सोडा. वास जातो, १३ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि मटणाचा रस्सा आठवणाऱ्या माणसाचं तोंडही मानतं. कच्च्या सोयाबीनचं पीठ मात्र घालू नका, पोट बिघडतं. भाजून दळलेलंच वापरा.

आता चहा. नऊ चहांत प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर १८ चमचे, म्हणजे ७०-८० ग्रॅम साखर, जिलेबी आणि गूळ वेगळे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत आली तर अजून चांगलं. म्हणजे दाजींच्या गोडाचा मोठा वाटा चहाच्या कपात आहे, आणि तुम्ही गुळाच्या डब्याशी भांडत आहात. चहाचे कप एकदम कमी करायला लावू नका. यार्डात बसलेल्या माणसाला कप हातात हवा असतो. आधी साखर उतरवा. टपरीवर "साखर कमी" म्हणून उपयोग नसतो, कारण तिथं पातेल्यातच साखर उकळलेली असते. घरून थर्मासमध्ये न्यावा, अर्ध्या लिटरचा पुरतो. पहिल्या आठवड्यात कपाला दीड चमचा, दोन आठवड्यांनी एक. जीभ तेवढ्यात रुळते. त्यानंतर संध्याकाळी पाचनंतरचा चहा बंद, त्याऐवजी ताक. उशिराच्या चहानं झोप मोडते, आणि झोप मोडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोडही जास्त लागतं आणि दारूही आठवते. चहाबरोबरचं ग्लुकोज बिस्किट नावाला ग्लुकोज असतं. त्यात साधारण पाव भाग साखर आणि बाकी बहुतेक मैदा.

गुळाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे की तो साखरेसारखा बाधत नाही. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक राहत नाही. लोह-खनिजं थोडी असतात, पण ती मिळवायला शंभर ग्रॅम गूळ खाणं हा तोट्याचा सौदा. मधाचंही तेच. आणि साखरेतला निम्मा भाग, फ्रुक्टोज, यकृतातच जिरतो. जास्त झाला की तिथं चरबी होऊन बसतो. नऊ वर्षं दारू सोसलेलं यकृत आत्ता कुठं मोकळं झालंय, त्याच्यावर हे नवं ओझं नको. म्हणून डबा लपवू नका, पण गूळ फोडून ठेवा. एका रविवारी सुपारीएवढे खडे करा. असा खडा साधारण १० ग्रॅमचा. दिवसाचे दोन खडे वेगळ्या लहान डबीत, आणि ती डबी दाजींच्या ताब्यात. कधी खायचे ते त्यांनी ठरवायचं. ढेपीतून हातानं तोडलं की किती खाल्लं ते खाणाऱ्यालाही कळत नाही. खडे मोजता येतात. महिन्यानं दोनाचा एक झाला तर उत्तम, नाही झाला तरी ओरडू नका.

खड्याआधी एक युक्ती त्यांना शिकवा. तलफ गोडाची असो की दारूची, ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरते. तलफ आली की तांब्याभर पाणी, मग मूठभर फुटाणे, मग जागा सोडून चालणं. गोठ्याकडं जावं, मारुतीच्या देवळापर्यंत जावं. वीस मिनिटांनीही गोड हवंच असेल तर खडा खावा, चोरून नाही, सगळ्यांसमोर बसून.

रात्री उठून गूळ खाण्यामागं दोन गोष्टी असतात. दारू सुटल्यावर झोप काही आठवडे, कधी काही महिने तुटक राहते. आणि दहानंतर पोट रिकामं असतं. झोपायच्या आधी ग्लासभर दूध बिनसाखरेचं, हळद किंवा थोडी सुंठ टाकून, सोबत अर्धी भाकरी किंवा दशमीचा तुकडा. यकृत खराब झालेल्यांना तर डॉक्टर झोपण्यापूर्वीचं हे खाणं मुद्दाम सांगतात. तरीही रोज दोन-तीनदा उठत असतील, सोबत तहान आणि लघवीही वाढली असेल, तर ते भूक म्हणून सोडून देऊ नका. तपासणी त्याच आठवड्यात.

फळं चालतात, चावून. जालन्याकडची मोसंबी सोलून एक खावी. ग्लासभर रसात तीन-चार मोसंब्यांची साखर येते आणि चोथा जातो. रसवंतीचा एक ग्लास उसाचा रस म्हणजे २५ ग्रॅमच्या वर साखर. आणि उसाच्या धंद्यातल्या माणसाला तो रोज आणि फुकट मिळतो, म्हणून त्याबद्दल मुद्दाम विचारा.

एकादशी करत असतील तर तीन महिने निर्जळ किंवा एकभुक्त करू नये. साबुदाणा पटकन पचतो आणि दोन तासांत पुन्हा भूक देतो. भगर, दाण्याची आमटी, दही, राजगिरा यांवर उपवास करावा, दर तीन तासांनी थोडं. माळकऱ्याला हे सांगणं अवघड असतं. कीर्तनकार महाराजांकडून सांगवलं तर ते लवकर पटतं.

आता जिथं चूक महागात पडते ते. आपल्याकडं अशक्तपणा वाटला की सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. जास्त दारू पिलेल्या माणसात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, पुष्कळदा कमी असतं. अशा शरीरात ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सलाईनची वेळ आलीच तर "हे दारू पीत होते, बी-वन आधी द्या" असं तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा. ग्लुकोज पावडरचे ग्लासही बंद ठेवा. चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काही दिसलं तर गावात न थांबता अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय गाठा.

भूक वाढावी म्हणून कुणी द्राक्षासव किंवा एखादं अरिष्ट देईल. आसव-अरिष्टं आंबवून बनवतात, त्यांत मद्यार्क असतो. ती दाजींना नकोत. खोकल्याची काही औषधंही तशीच, बाटलीवर वाचून घ्या. दवाखान्यातून डायसल्फिरामची, म्हणजे दारूपासून दूर ठेवणारी गोळी चालू असेल तर हे अजून गंभीर, कारण त्या गोळीवर थोडा मद्यार्कही उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणं असं करू शकतो. जेवणात गुपचूप मिसळायची "दारू सोडवायची पावडर" कुणी विकत असेल तर घरात आणू नका. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. गोडाऐवजी गुटखा-तंबाखूची पुडी वाढली नाही ना, तेही बघा. हा बदल घरच्यांच्या नजरेतून हमखास निसटतो.

हे पत्र वाचणारं आणखी कुणी रोज पीत असेल आणि उद्यापासून बंद करायच्या विचारात असेल, तर एकदम स्वतःच्या मनानं बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतरच्या दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो. दाजींनी गोळ्या घेऊन सोडली हे फार बरं केलं.

तपासण्या : उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी. सोबत यकृताची तपासणी आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी. साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ ही कड्यावरची अवस्था, वर सांगितलेलं सगळं तेव्हा दुप्पट काटेकोर. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडं. एचबीएवनसी ५.७ च्या खाली चांगलं, ६.५ पासून पुढं मधुमेह. रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही सोबत करून घ्या. पोटातून पाठीकडं जाणारी कळ, तेलकट तरंगणारी शौच आणि उतरणारं वजन दिसलं तर स्वादुपिंड तपासायला सांगा. दारूनं तेही बिघडतं आणि त्यातूनही शुगर होते.

"मंग तीच बरी हुती" या वाक्याला उत्तर देऊ नका, ताई. ते वाक्य बोललं कोण? पाच तास उपाशी, थकलेला माणूस, ज्याच्या घरात त्याच्यापासून डबा लपवलाय. त्या घडीला समजूतही नको आणि शपथेची आठवणही नको. ताट वाढा. जेवण झाल्यावर, अंगणात बसल्यावर सांगा की डबा लपवला ते चुकलं, भीतीपोटी केलं, सासऱ्यांची शुगर डोळ्यांनी पाहिलीय. तुम्ही खरं सांगितलं की ते ऐकतील. आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी आज काय होतं, एवढं रोज एकमेकांना विचारायची सवय लावा. ओढ फारच वाढली, किंवा तुम्हालाच सोसेना, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत नंबरावर मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ हाही नंबर आहे. फोन तुम्हीही करू शकता, त्यांनीच करायला हवा असं नाही.

उद्याच्या डब्यात फुटाणे आणि केळं टाका, आणि संध्याकाळचा स्वयंपाक साडेसहाला तयार ठेवा. रिपोर्ट आले की आकडे आणि दाजींच्या जेवणाच्या खऱ्या वेळा लिहून पाठवा. गुळाचे खडे दोन ठेवायचे की एक, हे त्यावरून सांगता येईल.